वाचनाची पाळी

ख्रिस्ती मठाच्या जेवणघरात चौदा तोंडं चावत होती आणि ती कोपऱ्यात उभी राहून एका संताचं चरित्र वाचत होती. जेवताना बोलायचं नाही, एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत जेवायचं, हा तिथला नियम. वाचणारी मागाहून एकटी जेवायची. पाळी रोज बदले. पण महिनाभर राहून बघायला आलेल्या ह्या लॅबवालीनं सगळ्यांच्या पाळ्या मागून घेतल्या होत्या. सिस्टर खूश. केवढी सेवाभावी पोर!

सेवा कसली डोंबलाची! तिला ती तोंडं बघवत नव्हती. पुस्तकात मान घातली की बघावं लागत नाही, एवढंच.

वय छत्तीस. नऊ वर्षं दवाखान्याच्या लॅबमध्ये थुंकी, लघवी, पू तपासला, कधी नाक मुरडलं नाही. बाटलीतला माणूस निदान मिटक्या मारत नाही. किळस यायची ती घरी. दादा भुरके मारत जेवायचा, घास गालात सरकवून वहिनीवर खेकसायचा आणि वहिनी हसत हसत त्याच तोंडापुढं वाढायची. शेजारणी येऊन तासन्‌तास चहाड्या करायच्या. रिकाम्या चर्चमध्ये मात्र तिला बरं वाटे. त्या बरं वाटण्यालाच ती देवाची हाक समजली.

"जा, बस देवाजवळ!" निघताना दादा म्हणाला होता. "आमचा वास येतो ना तुला?"

तिनं पिशवी उचलली होती. आता आठवड्याभरात मठात कायमचं घेतात की नाही, ते ठरणार होतं. घेतलं नाही तर जायचं कुठं, हा विचारही तिनं केला नव्हता.

त्या दुपारी मठाच्या प्रमुख मदरनं तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "उद्यापासून तू वाचायचं नाहीस. म्हाताऱ्या सिस्टरजवळ बस. हात थरथरतो तिचा, भरव तिला."

म्हातारी सिस्टर अठ्ठ्याऐंशीची. कानानं अधू, त्यामुळं मौनाचा नियम तिच्या गावी नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवताना चमच्यातलं निम्मं सूप तिच्या हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. लॅबवाली श्वास रोखून भरवत राहिली. तेवढ्यात म्हातारीनं तोंडात भिजवलेला पावाचा तुकडा काढून तिच्या ताटात ठेवला.

"मऊ झालाय बघ. खा गं बाई, किती वाळलीस!"

ती उठली, अंगणातल्या नळापर्यंत कशीबशी पोचली आणि भडभडून ओकली.

मदर पाण्याचा पेला घेऊन मागोमाग आली. "लॅबमध्ये एवढं सगळं बघितलंस, आणि पावाच्या तुकड्यानं ओकलीस?"

"ते बाटलीत असतं, मदर." तिनं तोंड पुसलं आणि एकदम बोलून गेली, "मला माणसंच नकोत. घाण वाटतात. दादा, वहिनी, सगळी. म्हणून आले मी इथं."

"वाटलंच होतं मला."

"तुम्हाला नाही येत किळस?"

"येते की. सहा वर्षं भरवलं मी तिला, रोज यायची."

"मग?"

"मग काय? भरवायचं." मदरनं पेला तिच्या हातात दिला. "किळस येते म्हणून आम्ही कुणाला घालवत नाही. पण नुसत्या किळसेपायी आलेलीला ठेवून घेता येत नाही गं. घरी जा. दादाच्या पंगतीला बसून जेवता यायला लागलं, तर ये परत. मी आहे."

मदर रागावली असती तर बरं झालं असतं. खोलीत जाऊन ती कपडे भरू लागली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. ह्या तोंडानं आपण देवाला हाक मारत होतो!

पिशवी घेऊन ती निघाली, तर म्हातारी सिस्टर व्हरांड्यात खुर्चीवर बसलेली. तिनं ओढून हिचा हात धरला. बोटं ओलसर होती.

"उद्या जेवायला कोण बसणार माझ्याजवळ?"

हात सोडवून घ्यावासा वाटत होता. तिनं सोडवला नाही. पिशवी खुर्चीमागं सरकवली आणि म्हातारीच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "मीच."

"मग लवकर ये हं," म्हातारी म्हणाली.