पुलावरचा डिपर

आत्माराम नाचणकर मस्कतची नोकरी सोडून कायमचा घरी आला, तेव्हा त्याच्या गाठीला अकरा वर्षांची ड्रायव्हरकी होती आणि गाडीला कुठे ओरखडासुद्धा काढल्याची नोंद नव्हती. शहाऐंशीच्या वैशाखात मुलीचा, उमाचा, साखरपुडा ठरला. त्याआधी त्याने रत्नागिरीत एक जुनी अँबॅसडर घेतली ती एकाच हौसेपोटी. आईच्या मागे ज्या थोरल्या बहिणीने त्याला लहानाचा मोठा केला, त्या गंगाअक्काला पूर्णगडहून आपल्या गाडीत बसवून साखरपुड्याला आणायचं.

पण अक्काचे यजमान रावजी तीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर होते. साखरपुड्याच्या दिवशी सकाळीच आत्माराम पूर्णगडच्या अंगणात गाडी घेऊन उभा राहिला, तर ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "आधी मला पावस गावापर्यंत नेऊन आण. मग हिचं बघू."

"आणि नापास झालो तर, भावोजी?"

"तर आम्ही दोघं एस.टी.ने येऊ. स्टँडवर गाडी लागलेलीच असते."

दारात भावाची मोटार उभी आणि सख्खी बहीण एस.टी.तून पिशव्या सावरत उतरतेय, हे व्याह्यांनी पाहिलं तर काय म्हणतील, हा विचार करत आत्मारामने गाडी सुरू केली. अक्का ओटीवर नवं लुगडं मांडीवर घेऊन बसून राहिली. आता नेसायचं की एस.टी.त चुरगळू नये म्हणून पिशवीत न्यायचं, ते तिला अजून कळायचं होतं.

"तिकडे मस्कतला कशी चालवतात रे?" रावजींनी विचारलं.

"उजव्या बाजूने."

"ते ठाऊक आहे. माणसं कशी चालवतात?"

"रस्ते सरळसोट, भावोजी. वळण म्हणून नाही. मग एकशेचाळीसने सोडतात, आणि डुलकी लागते. नाहीतर उंट आडवा येतो."

"म्हणजे मरतात तिथेही."

"मरतात. फक्त हॉर्न न वाजवता."

"आपल्याकडे वाजवून मरतात," रावजी समाधानाने म्हणाले. मग स्वतःहूनच, "मीसुद्धा निवळीच्या घाटात नको तिथे गाडी पुढे काढलेय हो. त्या वेळी समोरून कोणी येणारच नाही असं वाटतं. का वाटतं, ते सांगता येत नाही."

आत्मारामचा साहेब इंग्रज होता. त्याच्या देशात हॉर्न म्हणजे शिवी. अकरा वर्षांत आत्मारामचा अंगठा हॉर्नच्या बटणाची जागाच विसरून गेला होता. त्यामुळे वळण आलं तरी अँबॅसडर मांजरीच्या पावलाने वळायची, आणि शेजारी रावजी नसलेल्या ब्रेकवर पाय दाबायचे. तिसऱ्या वळणाला काटक्यांची मोळी घेऊन येणारी एक बाई दचकून बांधावर चढली.

"मेल्या, गाडीचं तोंड शिवलंय काय तुझ्या?" ती ओरडली.

"ऐकलंस?" रावजी म्हणाले. "कुणाच्या अंगणात शिरताना खाकरतोस ना? तसंच हे. शिवी नव्हे ती. मी आलोय, एवढंच सांगायचं."

आत्मारामने मान डोलावली, पण कान तापले. पुढे पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, अरुंद पूल आला. एका वेळी एकच गाडी जाईल एवढाच. पलीकडून चिऱ्यांनी भरलेला ट्रक येत होता. आत्मारामने अदबीने गाडी थांबवली आणि हेडलाइट दोनदा उघडझाप केले. आपले ड्रायव्हर याला डिपर देणं म्हणतात. साहेबाने शिकवलं होतं, डिपर म्हणजे 'आधी तुम्ही'.

ट्रक थांबला. आत्माराम वाट पाहत राहिला. ट्रकही वाट पाहत राहिला. आत्मारामने पुन्हा डिपर दिला. ट्रक हलेना. खाली पऱ्यात म्हशी पाणी पिऊन वर आल्या, तरी दोघे तसेच. शेवटी ट्रकने डिपर दिला.

"किती सभ्य माणूस," म्हणत आत्मारामने गाडी पुलावर घातली. त्याच क्षणी ट्रकही निघाला. पुलाच्या मध्यावर दोघांची नाकं हातभर अंतरावर येऊन थांबली.

ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं. तो पूर्णगडचाच सदू निघाला. "रावजीकाका, हा कुठला ड्रायव्हर धरलात? दोनदा डिपर देऊन मी येतो मी येतो म्हणाला आणि झोपला. म्हणून म्हटलं, आता मी येतो."

"मी त्याला तू ये म्हणत होतो," आत्माराम पुटपुटला.

रावजी हसले नाहीत. आत्मारामला वाटलं, संपलं. आता निदान पूल तरी मोकळा करावा. त्याने हात सीटच्या पाठीवर टाकला, मान वळवली आणि गाडी मागे घेतली. पुलाला धड कठडा नव्हता, तरी चाक एकदाही इकडचं तिकडे झालं नाही. ट्रक पुढे आला, सदूने जाता जाता कपाळाशी हात नेऊन सलाम केला.

रावजी म्हणाले, "तीस वर्षांत पुलावर अडकलेले पुष्कळ पाहिले. दोघंही खाली उतरतात आणि बाह्या सारतात. आपणहून मागे जाणारा आज बघितला."

"साहेब म्हणायचा, ज्याला गाडी मागे घेता येते तोच ड्रायव्हर."

"साहेब शहाणा. पण त्याचा डिपर त्याला परत पाठव. फिरव गाडी."

अंगणात शिरताना आत्मारामने हॉर्न वाजवला. ओटीवरून अक्का उठून उभी राहिली.

"काय हो?"

"लुगडं नेस," रावजी म्हणाले. "मोटारीला उशीर होतोय."

दुपारच्या आत तिघं निघाली. अक्का मागे अंड्यांच्या करंडीसारखी सावरून बसली होती. प्रत्येक वळणावर अँबॅसडर खाकरत होती आणि रावजींचा पाय स्वस्थ होता. पुलापाशी पुन्हा समोरून एक टेम्पो आला. आत्मारामने दिव्यांना हात लावला नाही. खिडकीतून हात बाहेर काढून ये, ये, अशी खूण केली. टेम्पो सरळ निघून आला.

"कोण रे तो? ओळखीचा?" अक्काने विचारलं.

"नाही गो अक्का."

"मग बोलावलंस कशाला?"

रावजींनी झोपेचं सोंग घेतलं होतं, पण त्यांचं पोट हलत होतं.