सोमवारची पाटी

नवऱ्याला समुद्राने नेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून गंगूने मासळीला हात लावला नव्हता की होडीत पाय ठेवला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि शेजारच्या आनंदीबाईने पेज आणली तर प्यायची, एवढाच तिचा संसार उरला होता. आनंदीबाई जिभेने तिखट, पण पेजेत कधी खंड नाही.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत आनंदीबाईच्या पायात शिंगाळा माशाचा काटा घुसला. पाय सुजून भोपळा झाला, अंगात ताप. ती तोंडवलीहून खाडीपलीकडे मसुऱ्याला मासे विकायची. तिथली घरं तिची ठरलेली. दुसरीने तिथे माशांची पाटी न्यायची नाही, असा विकणाऱ्या बायकांचा रिवाज; पण सलग तीन दिवस पाटी चुकली की घरं मोकळी. दोन दिवस चुकलेच होते, आणि दुसरी मासेवाली प्रेमलता त्या घरांवर टपून बसली होती. घरं गेली तर पोरांना खायला काय घालायचं, म्हणून आनंदीबाई रडत होती. कुडापलीकडून गंगूने ते ऐकलं आणि ती उठली.

"रडा नको. पाटी मी नेतंय."

"तू? होडयेत बसतलंस?"

"बसतलंय."

होडीत तिने डोळे गच्च मिटून घेतले. पाटी मात्र सोडली नाही. वर्षाने घराबाहेर पडलेल्या बाईला काय टोकायचं, म्हणून वाटेत कोणी काही बोललंही नाही. मसुऱ्यात पहिल्याच दारात तिने हाळी दिली, "आनंदीची पाटी इली!"

घरातली बाई बाहेर आली आणि कपाळाला हात लावून हसली. "गो बाये, आज सोमार! सोमाराक मासे कोण खातलो?"

गंगूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर तिला सगळे वार सारखेच होते. दुसरी असती तर पाटी खाडीत उपडी करून घरी गेली असती. गंगूने पदर खोचला आणि एकूण एक दार गाठलं. "घेव नकात, पण पाटी इली ती ध्यानात ठेवा!"

घरी येऊन तिने सगळे बांगडे चिरून मिठात घातले. तापात वाराचं भान आनंदीबाईलाही नव्हतं; हकिगत ऐकून ती तशातही खदखदून हसली. गंगूलाही हसू फुटलं. आपला हा आवाज तिला ओळखीचाच वाटेना, पण फार बरं वाटलं.

मंगळवारी ती ताजी मासळी घेऊन पोचली, तर प्रेमलता आधीच दारात. "सोमार धरून तीन दिस झाले, आता ही घरा माजी."

"खंयचे तीन दिस? आनंदीची पाटी सोमाराकय इली गो!" घरातली बाई म्हणाली, आणि पुढच्या दारीही तेच. प्रेमलता पाय आपटत परत गेली.

महिन्याने आनंदीबाई चालायला लागली. गंगूने स्वतः दारोदार नेऊन तिची घरं तिच्या हवाली केली. परतताना आनंदीबाईने भीतभीत विचारलं, "आता परत भितीकडे तोंड करून पडतलंस?"

"माका खंय सवड?" गंगू म्हणाली. "प्रेमलतेची सून बाळंत झाली. आता प्रेमलतेक घर सोडूक येणा नाय, उद्यापासून तिची पाटी मी नेतंय. पण उद्या वार खंयचो, तेवढा आधी सांग!"