ढोल्याचं पोट

मित्रांनो, मी एक जुनं पोट आहे. हसलात ना? हसा, माझा जन्मच त्यासाठी झाला. पण हसून झालं की जरा टेका आणि ऐका, कारण हे सांगायचं की नाही हे ठरवायलाच मला तीस वर्षं लागली आहेत.

सध्या मी एका काचेच्या पेटीत राहतो. सिनेमातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर. डाव्या हाताला एक तुटका कॅमेरा, उजव्या हाताला कुठल्याशा राजाचा पत्र्याचा मुकुट, आणि मध्ये मी, खिळ्याला पट्ट्यांनी टांगलेला. पेटीवर पाटी आहे, 'कृपया हात लावू नये.' ती पाटी वाचली की मला दर वेळी गंमत वाटते. गंमत म्हणजे काय, ते तुम्हाला पुढे कळेलच.

मी जन्मलो एका स्टुडिओच्या कपडेपटात, म्हणजे नटांचे कपडे जिथे शिवतात त्या खोलीत. त्या वर्षीच्या सिनेमासाठी एका जाड्या विनोदी नटाचे नऊ पोशाख शिवून तयार होते. शूटिंगच्या आदल्या दिवशी तो नट निर्मात्याशी भांडला आणि निघून गेला. पोशाख मात्र हँगरवर तसेच लोंबकळत राहिले.

निर्माते म्हणाले, "आता पुन्हा कोण शिवत बसणार? या कपड्यांत बसेल असा माणूस आणा."

तसा माणूस मिळाला नाही. मिळाला एक काटकुळा. कुठल्याशा सिनेमात 'साहेब, पत्र' एवढं बोलून परत गेलेला, कामासाठी रोज सकाळी फाटकाशी उभा राहणारा. त्याला त्यातला एक कोट चढवला असता तर आत आणखी एक माणूस मावला असता.

कपडेपटातल्या शिलाईवाल्या बाई तोंडातली टाचणी काढून म्हणाल्या, "माणूस कपड्यात बसत नाही ना? मग माणूसच भरू या."

त्यांनी मला एका दिवसात शिवलं. दोन उशांचा कापूस, वर जाडंभरडं किंतान, आणि पुढच्या बाजूला टायरच्या ट्यूबचा एक गोल तुकडा. आतून मात्र त्यांनी वापरून मऊ झालेल्या चादरीचं अस्तर लावलं आणि घाम पुसायचा रुमाल ठेवायला एक छोटा कप्पा केला. "बाहेरून काय व्हायचं ते होऊ दे," त्या म्हणाल्या, "आतून तरी याला टोचायला नको." माझ्यावर कुणी माया केली असेल तर ती त्या एका दिवसात.

पहिल्याच प्रसंगात रागावलेला घरमालक त्याला पोटात ठोसा मारतो, असं लिहिलं होतं. त्यानं मार खाऊन पडायचं, एवढंच. पण ट्यूबमुळे घरमालकाची मूठ उसळून परत गेली. काटकुळा दोन पावलं मागे झाला, दारावर कुणी टकटक केल्यासारखं त्यानं माझ्याकडे वाकून पाहिलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, "या, दार उघडंच आहे."

शिडीवर बसलेले दिवेवाले इतके हसले की दिवे हलले. दिग्दर्शकानं ते वाक्य ठेवलं. मागाहून त्या ठोशाला ढोलाचा आवाज जोडला आणि सिनेमा लागल्याच्या आठवड्यातच काटकुळ्याचं नाव पडलं 'ढोल्या'.

त्यानंतर प्रत्येक सिनेमात तो ठोसा आला. कधी सासरा मारायचा, कधी शिपाई, एकदा तर आंधळ्या म्हातारीनं चुकून मारला. ढुम्म, आणि "या, दार उघडंच आहे." थिएटरातली माणसं ते वाक्य त्याच्या आधीच म्हणायची.

निर्मात्यानं एक नियम घातला होता. पोट खोटं आहे हे लोकांना कळता कामा नये. घराबाहेर पडायचं तर मला बांधूनच. दुकानात, लग्नात, दवाखान्यातसुद्धा. उन्हाळ्यात माझ्याखाली त्याच्या अंगाला फोड यायचे. आणि मित्रांनो, एक नवल सांगतो. जी माणसं रस्त्यात कुणाला चुकून धक्का लागला तरी माफी मागायची, ती ढोल्या दिसला की मूठ वळून धावत यायची. एका गृहस्थानं तर कडेवरच्या तान्ह्या लेकराची मूठ धरून माझ्यावर आपटवली. ढोल्या प्रत्येकाला ते वाक्य म्हणून दाखवायचा. न म्हणावं तर लोक तोंडावर म्हणायचे, "चढलं वाटतं डोक्यात."

मला मात्र अभिमान वाटायचा. मी ढाल होतो ना त्याची.

घरी आला की तो मला दारामागच्या खुंटीला टांगायचा आणि शर्टाशिवाय पंख्याखाली आडवा व्हायचा. मग त्याची छोटी मुलगी यायची. तिला ठमी म्हणत. ती त्याच्या बरगड्या मोजायची, एकेका बरगडीवर बोट ठेवून.

"बाबा, आज एक जास्त भरली."

"काल तू एक खाल्ली होतीस, ती परत उगवली."

ठमी दहा वर्षांची झाली, तेव्हाची गोष्ट. एका नव्या नायकानं ढोल्याला ठोसा मारायचा प्रसंग होता. नायक तालमीत कमावलेला. त्याला मजा यायला लागली. "अजून एकदा, मला जमलं नाही," असं म्हणत त्यानं सतरा वेळा तो प्रसंग करायला लावला. दिग्दर्शक नायकाला नाही म्हणत नसत. मी बेंबीच्या खाली चार बोटांवर संपतो. सतरापैकी सहा ठोसे माझ्या खाली बसले. ढोल्या प्रत्येक वेळी वाकला, आणि वाकला की सगळे जास्तच हसले.

त्याला हर्निया झाला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "तीन महिने पोटाला धक्का नको. खोकतानासुद्धा उशी दाबून धरा." ती उशी म्हणजे मीच. अंथरुणात तो मला उराशी धरून खोकायचा.

ठमीला यातलं काही सांगितलं नाही. ढोल्यानंच बायकोला गळ घातली. "शूटिंगला बाहेरगावी गेलोय म्हण. पोर घाबरेल. आणि नायकाचं नाव शाळेत सांगत सुटेल." तिला आजीकडे ठेवलं. बाबा परत आले ते थोडे पिवळट, हळू चालणारे, एवढंच तिला दिसलं. ही एक चूक, मित्रांनो. सगळी चूक मायेपोटीच झाली.

शाळेत ठमीचे हाल चालले होते. मुलं तिच्या पोटात बुक्की मारायची आणि विचारायची, "दार उघडं आहे का गं?" शेवटी एक दिवस ती ओरडली, "ते पोट खोटं आहे. माझे बाबा बारीक आहेत." सगळा वर्ग म्हणाला, "थापाडी." बाईसुद्धा हसल्या. तेव्हापासून तिचं नावच थापाडी पडलं. डब्याला कुणी तिच्याशेजारी बसेना.

ऑपरेशनला अजून दोन महिनेही झाले नव्हते. पालकांच्या दिवसाच्या आधी तिनं वहीच्या पानावर एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या कप्प्यात घातली, कारण बाबा तिथे हात घालतातच हे तिला ठाऊक होतं. 'बाबा, मला सगळे थापाडी म्हणतात. शाळेत पोट न घालता या. एकदाच.'

ढोल्यानं चिठ्ठी वाचली. बायको म्हणाली, "अहो, निर्मात्यांना कळलं तर?"

"कळू दे. कामावरून काढतील. लेकीला थापाडी म्हणतात, ते मी काढतो."

मला त्यानं एका कापडी पिशवीत घेतलं, कारण शाळेतून परस्पर मला डागडुजीला कपडेपटात न्यायचं होतं. साधा पांढरा शर्ट घालून तो शाळेच्या सभागृहात गेला, एका बाकावर बसला आणि पिशवी पायाशी ठेवली. पिशवीचं तोंड उघडं होतं. पुढचं सगळं मी पाहिलं.

ठमी त्याचा हात धरून वर्गातल्या मुलांसमोर उभी राहिली. "हे बघा माझे बाबा. आता बोला."

मुलांनी त्याला खालून वर न्याहाळलं. एक जाडशी मुलगी म्हणाली, "हा ढोल्या? हा तर कुणीतरी कारकून आहे."

"भाड्यानं आणला असेल."

"खोटं पोट, आता खोटा बापपण."

ढोल्यानं चेहरा वेडावाकडा करून दाखवला. सिनेमातलं चालणं चालून दाखवलं. ते तर सगळेच करतात, मुलं म्हणाली. आणि मग ठमीला एकदम सुचलं. तिचा चेहरा असा उजळला की मला आजही तो दिसतो.

"बाबा, ठोसा. ठोसा दाखवा ना. तो कुणालाच येत नाही."

ढोल्यानं पिशवीकडे पाहिलं. एकदाच. मी आतून नुसता धडपडत होतो म्हणा, पण पट्ट्या कुणी बांधल्याशिवाय मी कुठे जाणार? मला बांधलं असतं तर तो ढोल्या ठरला असता आणि पोर थापाडी. नाही म्हटलं असतं, तरी थापाडीच.

"मार, बाळा," तो म्हणाला.

ठमीनं जोरात मारलं. हळू मारून सिद्ध काय होणार? तो दोन पावलं मागे गेला, ढोलाचा आवाज त्यानं तोंडानं काढला, वाकून स्वतःच्या सपाट शर्टाकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, "या, दार उघडंच आहे."

सभागृह हसण्यानं फुटलंच. तोच तो. आवाज तोच, डोळे तेच. "ढोल्या, ढोल्या," म्हणत मुलं बाकांवरून उड्या मारत आली.

"मी पण मारू? मी पण?"

"मारा ना," ठमी म्हणाली. मालकीणबाईंच्या थाटात म्हणाली. "त्यांना काही होत नाही. सवय आहे त्यांना."

मुख्याध्यापिका टाळ्या वाजवत पुढे आल्या. मला वाटलं, आता या थांबवतील. त्या म्हणाल्या, "गोंधळ नको. रांग लावा. लहान मुलं आधी."

मित्रांनो, ती रांग फार शिस्तीची होती. एकानं मारलं की तो बाजूला व्हायचा आणि पुढचा यायचा. एक्केचाळीस मुलं. ज्यांनी ठमीला बुक्क्या मारल्या होत्या ती सगळी. जाडशी मुलगी दोनदा उभी राहिली. पालक मागे उभे राहून हसत होते आणि आपल्या मुलाची पाळी आली की "नीट मार" असं सांगत होते. ढोल्या प्रत्येकाला वाक्य म्हणत होता. विसाव्या मुलानंतर त्यानं ढोलाचा आवाज काढणं सोडलं. तिसाव्यानंतर आवाज इतका बारीक झाला की शेवटची मुलं कुरकुरली, "आम्हाला नीट नाही म्हटलं."

मग त्यांना त्यानं पुन्हा म्हणून दाखवलं.

सगळं संपल्यावर तो बाकावर बसला, मला पिशवीतून काढलं आणि खोकताना धरायचा तसं पोटाशी दाबून धरलं. पोट बघून मुलं आणखी खूश झाली. माझ्या अस्तराला त्याचं पोट गरम लागत होतं, एवढं मला कळलं. ठमी मैत्रिणींच्या घोळक्यातून धावत आली.

"बाबा, ती जाडी म्हणाली, उद्या डब्याला माझ्याशेजारी बस."

"झालं ना मग?" तो म्हणाला. "जा, खेळ."

बायकोला त्यानं सांगितलं, पायरीवरून घसरलो. आतले टाके तुटले होते, आणि पुढे विष पसरलं. नऊ दिवसांनी तो गेला.

निर्माते घरी आले. आधी रडले, मग डोळे पुसून म्हणाले, "वहिनी, दर्शनाला लोक येणार. पोट घालू या. शोभेल."

"आता तरी मोकळं जाऊ द्या त्यांना," ती म्हणाली.

तसाच बारीक गेला तो. लांबून आलेली माणसं त्याच्याकडे बघून एकमेकांत पुटपुटली, "हा तो नव्हेच. इतकी वर्षं फसवलं की आपल्याला."

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांचं पत्र आलं. त्यांनी मनापासून लिहिलं होतं. 'त्या दिवशी आमच्या एक्केचाळीस मुलांनी रांगेनं ठोसा मारण्याचा जो आनंद लुटला, तो शाळा कधीच विसरणार नाही.' ठमीच्या आईनं ते उभ्यानंच वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. शेजारच्या खोलीत ठमी होती. आईनं पत्राची लहान घडी केली, माझ्या कप्प्यात ठमीच्या चिठ्ठीवर ठेवली आणि कप्प्याचं तोंड सुईदोऱ्यानं शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी निर्मात्यांचा माणूस मला न्यायला आला, तेव्हा तिनं मला मुकाट्यानं देऊन टाकलं. पोर कधीच हात घालणार नाही अशी जागा घरात एकही नव्हती.

मला आणखी दोन नटांनी बांधलं. ते कुणाला आवडले नाहीत. मग गोदाम, मग उंदीर, मग ही पेटी.

मागच्या रविवारी ठमी आली होती. केस पिकायला लागलेत तिचे. सोबत तिचा सहा वर्षांचा मुलगा. त्यानं काचेवर मूठ आपटली. तिनं त्याचा हात धरला. "पाटी वाच. हात लावायचा नाही."

"आई, हेच आजोबांचं पोट?"

"हे खोटं रे. खरं पोट सपाट होतं, पण लोखंडाचं. माझ्या शाळेत सगळ्यांनी त्यांना मारलं. पहिला ठोसा माझा. काहीसुद्धा झालं नाही त्यांना." ती हसली आणि काचेला कपाळ टेकवून थोडा वेळ उभी राहिली. "तेव्हापासून मला कुणी थापाडी म्हटलं नाही."

मित्रांनो, माझा कप्पा अजून शिवलेला आहे. तुम्ही कधी इकडे आलात, तर मला बघा, हवं तर हसा. पण बाहेर गेल्यावर कुणी हसवणारा माणूस भेटला, तर मूठ वळायच्या आधी त्याला विचारा, दुखतं का. पाटी वस्तूंना असते, माणसांना कुणी लावत नाही.

आणि माझी एक विनंती आहे. काचेपाशी कपाळ टेकवून उभी असलेली एखादी बाई तुम्हाला इथे दिसली, तर हे तिला सांगू नका.