दीपगृहाचा खोटा तक्ता

माझ्या थोरल्या जावेला समुद्र सोसत नाही. किनाऱ्यावर तासभर बसलं की तिचं डोकं चढतं आणि चपलेत वाळू गेली की दिवसभर तोंड वाकडं. तरीही गेली नऊ वर्षं दर उन्हाळ्यात आमच्या दुकानातून समुद्राच्या भरतकामाचा जो छापील संच निघतो, त्याच्या मुखपृष्ठावर ‘संकल्पना आणि रेखाटन’ या शब्दांखाली तिचं नाव असतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. नऊ वर्षं वाचलंय, तेवढं पुरे.

दुकान घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आहे. कापड, दोऱ्याच्या लडी, सुया, भरतकामाच्या रिंगा. तिथे ती बसते, गोड बोलते आणि गिऱ्हाइकाला दाराशी सोडायला जाते. मी मागच्या खोलीत, जिथली खिडकी शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडते. लोकांना उन्हाळ्यात समुद्र हवा असतो, गादीवर, भिंतीवर, उशीच्या अभ्र्यावर. म्हणून मला तो ऐन थंडीत काढावा लागतो. अंगात दोन स्वेटर घालून मी शिंपले काढते.

संचात एका गोधडीचा आराखडा आणि फुलीच्या टाक्याचे तीन तक्ते असतात. यंदाच्या गोधडीसाठी मी सात निळे निवडले होते आणि वाळूसाठी जुन्या पडद्याचा उन्हानं विटलेला रंग, कारण नव्या कापडात तसा रंग मिळतच नाही. लाटांच्या पट्ट्या मुद्दाम कमी-जास्त रुंदीच्या ठेवल्या होत्या. जाऊबाई आली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, “पट्ट्या सारख्या कर. आणि हे काय, बदक?”

“समुद्रपक्षी आहे तो.”

“बदकच वाटतंय. पण चालेल, लोकांना बदकं आवडतात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्या दिवशी मला दुसरंच बोलायचं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर, सासूबाई समोर असताना, मी सरळ सांगितलं. “ताई, यंदाच्या संचावर माझं नाव हवं.”

ती हसली. रागावली असती तर मी सहन केलं असतं. “अगं, गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघून घेतं. तुला ओळखतं कोण? तू मागच्या खोलीतली.”

सासूबाई ताटातलं शेवटचं शीत उचलत राहिल्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मला तुमच्या दोऱ्यात गुंतवू नका.” म्हणजे माझ्या बाजूनं एक मीच उरले. तेव्हा मी ठरवलं की हिला चारचौघांत तोंडघशी पाडायचं.

कसं ते सांगते. तक्ता म्हणजे चौकोनांचा कागद. एक चौकोन म्हणजे एक घर आणि एका घरात एक फुली. रेघा मी स्वतः मारते आणि दर दहा घरांनी एक जाड रेघ देते, म्हणजे भरणाऱ्याला दहा-दहानं मोजता येतं. दीपगृहाचा तक्ता सगळ्यांत मोठा, चार कागदांचा, भोवती लाटांची किनार. वरच्या उजव्या कागदावर, एका ठिकाणी दोन जाड रेघांच्या मध्ये मी दहाऐवजी नऊच घरं काढली. डोळ्यांना काही कळत नाही. रेघा मोजल्या तर वरची किनार एकशे ऐंशी घरांची भरते, कापडावर मात्र एकशे एकोणऐंशी फुल्या पडतात. किनार फिरून आली की शेवटचा कोपरा पहिल्याला भेटत नाही. एक घर कमी.

खोटा तक्ता मी टेबलाच्या खणात ठेवला, कारण तिथून ती न विचारता उचलते हे मला ठाऊक होतं. खरा तक्ता चिंध्यांच्या पेटीच्या तळाशी. संच छापला जाईल, महिन्याभरानं बायका अर्धवट दीपगृहं घेऊन दुकानात येतील, आणि संकल्पना-रेखाटनवाली त्यांच्यापुढे उभी राहील. तिला तक्ता वाचताही येत नाही. मग तिला मागच्या खोलीत यावंच लागेल, सगळ्यांसमोर. मी त्या दिवसाची मनातल्या मनात इतकी तालीम केली होती की कुठली साडी नेसायची तेही ठरलं होतं.

दोन दिवसांत खण रिकामा झाला. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही.

छापण्याआधी दर वर्षी सासूबाई नमुना भरत असत. पण यंदा जाऊबाईनं जाहीर केलं होतं की नमुना नको, संगणकावरचं चित्रच मुखपृष्ठावर घालू, आईंना आता झेपत नाही. मी त्यावर विसंबले. सासूबाईंना हे किती लागलं असेल, याचा मी विचार केला नाही. मला वेळच नव्हता, मी साडी ठरवत होते.

सासूबाईंचा हात कसा होता हे सांगायला हवं. चाळीस वर्षांत त्यांनी टाका उसवलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांच्या कामाची मागची बाजू पुढच्याइतकी नीट असायची. आणि त्यांची एक रीत होती. सगळ्या बायका मधून सुरुवात करतात, त्या कडेपासून करायच्या. “आधी कुंपण,” म्हणायच्या, “मग आत काय हवं ते पेरा.”

एकदा मी त्यांची छोटी कात्री परत करायला त्यांच्या खोलीत गेले. त्या आंघोळीला गेल्या होत्या. कात्री उशाशी ठेवताना उशीखाली मॅटीचं, फुल्या भरायचं जाळीदार विणीचं कापड दिसलं. तीन बाजूंना निळ्या लाटा, सुंदर, एकसारख्या. वरच्या बाजूला मात्र नुसती भोकं, सुईनं पुन्हा पुन्हा रुंदावलेली, आणि त्यांत अडकलेले निळे धागे. कापड तिथे इतकं मऊ पडलं होतं की बोट लावलं तर फाटेल असं वाटलं. शेजारी माझा खोटा तक्ता, जाड रेघांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा. दहा, वीस, तीस. एकशे ऐंशी. पुन्हा एकशे ऐंशी. कागद बरोबर होता आणि हात चुकत होता. त्यांना तेवढंच दिसत होतं.

मी कापड होतं तसं ठेवलं आणि बाहेर आले.

मी लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कारण छपाईला पंधराच दिवस राहिले होते, आणि आत्ता तोंड उघडलं तर जाऊबाई सुटणार होती. मी स्वतःला समजावलं की म्हातारी कंटाळून सोडून देईल, बिघडतंय काय. आठ दिवस मी मूग गिळून बसले. त्या आठ दिवसांत सासूबाई जेवताना बोटांनी ताटाची कड मोजायच्या. दुधाखालचा गॅस बंद केला का, हे मला दोनदा विचारलं. रात्री झोप लागत नाही म्हणाल्या. जाऊबाई रोज दुपारी दुकान अर्धा तास बंद करून त्यांच्या खोलीत जाऊन बसायची, ते का, हे मला नंतर कळलं.

नवव्या दिवशी जेवणं झाली आणि सासूबाईंनी टेबलावर सुयांची डबी ठेवली. तिच्यावर कात्री, तिच्यावर शिवताना बोटात घालायची टोपी.

“ही वाटून घ्या दोघी,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोक्याचा भरवसा उरला नाही. सरळ ओळ मोजता येत नाही मला. तीनदा उसवलं.”

“आई, तुम्ही मागितलात म्हणून तक्ता मीच दिला, आणि मी होते ना तुमच्याबरोबर,” जाऊबाई म्हणाली. “मीही मोजलं. रोज मोजत होतो आपण.”

“तू काय मोजणार? तुला तक्ता कळतो कुठे?” सासूबाईंनी डबी आमच्याकडे सरकवली. “डॉक्टरांना दाखवायला हवं मला. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी टाके विसरली, मग आम्हाला.”

मला वाटलं होतं, त्या दिवशी मी ठरवलेल्या साडीत ताठ उभी असेन. मी घरच्या गाऊनमध्ये होते. उठले, चिंध्यांची पेटी उपसली, खरा तक्ता आणला आणि टेबलावर पसरला.

“आई, हात तुमचा बरोबर आहे. तक्ता चुकीचा आहे.”

“मला बरं वाटावं म्हणून नको बोलूस.”

“वरचा उजवा कागद बघा. सातवी आणि आठवी जाड रेघ. मधली घरं मोजा.”

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवलं. एक, दोन, तीन. नऊवर थांबलं. पुन्हा पहिल्यापासून. मग खरा तक्ता ओढून त्यावर मोजलं, दहा. त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू आला. मला वाटलं, आता रडतील.

“चूक झाली होय तुझ्याकडून?” त्यांनी विचारलं. किती सोपं होतं. हो म्हणायचं होतं नुसतं.

पण जाऊबाई दोन्ही कागदांकडे बघत होती. तक्ता वाचता येत नसला तरी तिला माणूस वाचता येतो, दुकान उगाच नाही चालवत. “चूक असती तर खरा लपवला नसतास,” ती म्हणाली. “माझ्यासाठी ठेवला होतास ना हा?”

“तुम्ही उचललात म्हणून!” मी ओरडले. “न विचारता! नऊ वर्षं उचलताय!”

“उचलला. चोरलाच म्हण. पण मी चोरला तो छापायला. तू म्हातारीला वेडं केलंस.”

“मला माहीत नव्हतं आई भरतायत ते!”

“कधीपासून माहीत आहे?” हे सासूबाईंनी विचारलं. अगदी साध्या आवाजात, जसं दूध कधी आणलं विचारतात तसं.

मी खोटं बोलू शकले असते. “आठ दिवस झाले,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. कात्री उचलली, टोपी उचलली, डबी उचलली. “माझं डोकं ठीक आहे हे कळलं,” त्या म्हणाल्या. “तुझं कसं आहे तेही कळलं.” आणि खोलीत निघून गेल्या. जाऊबाई त्यांच्या मागोमाग गेली. टेबल मीच पुसलं.

यंदाच्या संचावर माझं नाव आहे. जाऊबाईनं स्वतः छापखान्यात सांगितलं, माझ्याशी एक शब्द न बोलता, आणि गठ्ठा माझ्या टेबलावर आणून आदळला. नाव ठळक आहे, तिचं असायचं त्याहून मोठं. खाली दीपगृहाचा फोटो, छपाई लांबवून सासूबाईंनी नव्या कापडावर चौथ्यांदा भरलेला. चारी कोपरे जुळलेले. बायका दुकानात येऊन विचारतात, ही कोण, आणि जाऊबाई मागच्या खोलीकडे बोट करते.

सासूबाई पुन्हा भरायला बसतात. माझेच तक्ते भरतात, दुसरे आहेत कुठे? पण नवा तक्ता झाला की आधी माझ्या खोलीत येतात, समोर खुर्ची ओढून बसतात आणि मोजतात. जाड रेघांवर आता त्यांचा विश्वास नाही. एकेक घर, बोट ठेवून, मोठ्यानं, पुढे दुकानात ऐकू जाईल असं. मी समोर बसून राहते, कारण उठून जाण्याचं धैर्य मला होत नाही. एकशे ऐंशी झाले की त्या मान वर करतात आणि म्हणतात, “बरोबर आहे.”

मग पुन्हा पहिल्या घरावर बोट ठेवतात.