निल्दोचा पहिला नकार

माझा नवरा निल्दो चौदा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळला आणि या चौदा वर्षांत त्याच्या तोंडून कुणी ‘नाही’ ऐकलं नाही. तो ब्राझीलमधल्या मिनासचा. मी खाली दक्षिणेकडची, गाउशो, म्हणजे गुराख्यांच्या घरातली. आमच्याकडे माणूस ‘माते’ या कडू चहाचे घुटके घेत तोंडावर सांगतो, की तुझी गाय मरतुकडी आहे आणि ती मला नको. मिनासमध्ये त्याच गायीचं तासभर कौतुक करतात, वर कॉफी पाजतात, आणि सौदा मोडला हे विकणाऱ्यानं घरी जाऊन आपलं आपण ओळखायचं. लग्न होऊन इथे वार्जिन्याला आले तेव्हा पहिलं वर्षभर मला वाटायचं, अख्ख्या गावाला माझं म्हणणं पटतंय.

कोर्टवरही तेच. आमची कोर्टं लाल मातीची. चेंडू पडला की खूण उमटते, वाद झाला की खूण बघायची. समोरच्यानं जरा तोंड पाडलं, की निल्दो पायानं खूण पुसून पॉइंट देऊन मोकळा. असा माणूस एकेरीत काय डोंबल वर जाणार? दुहेरीत मात्र त्याचं निभावलं, कारण तिथे क्लोव्हिस होता. क्लोव्हिस इथलाच, त्याच्याहून थोडा मोठा, आमच्या मुलीचा धर्मपिता. दोघं ताश्कंदपासून ग्वायाकीलपर्यंत खेळले, स्वस्त हॉटेलांत एका खोलीत घोरले, एकमेकांचे मोजे बाथरूममध्ये वाळत घातले. फक्त चार मोठ्या स्पर्धांपैकी एकीतही त्यांना कधी प्रवेश मिळाला नाही. दरवर्षी थोडक्यात हुकायचं, आणि दरवर्षी निल्दो मला म्हणायचा, "पुढच्या जानेवारीत मेलबर्न. तूही यायचंस."

गेल्या नोव्हेंबरात आमच्याच क्लबात स्पर्धा होती. क्लोव्हिसचा गुडघा कधीचा कुरकुरत होता, त्यामुळे ही त्याची शेवटची स्पर्धा हे गावभर झालं होतं. त्याच्या आईनं त्याचं तोंड छापलेले टी-शर्ट गल्लीत वाटून टाकले होते. निल्दो त्याच्याबरोबर खेळणार, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

शुक्रवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात पांढऱ्या भुवयांचा एक ताडमाड माणूस, खांद्यावर रॅकेटची बॅग.

"मी वेइक्को. फिनलंडहून आलो," तो इंग्रजीत म्हणाला. "निल्दोनं खेळायला बोलावलं होतं."

मी वळून निल्दोकडे पाहिलं. त्याचा चेहराच सगळं सांगत होता. मे महिन्यात प्रागला जेवताना निल्दो त्याला म्हणाला होता, "नोव्हेंबरात ये आमच्याकडे, जोडीनं खेळू, घरीच राहा." इथे मिनासमध्ये हे वाक्य शिंकेसारखं आहे. येतं आणि जातं. इथल्या माणसानं ‘हो, नक्की’ म्हटलं असतं आणि न येऊन मैत्री राखली असती. वेइक्कोनं तिकीट काढलं.

आणि हा कुणी सोम्यागोम्या नव्हता. क्रमवारीत तो निल्दोच्या बराच वर होता. जेवताना त्यानं शांतपणे मांडून दाखवलं. "जोडीला प्रवेश देताना दोघांचे क्रमांक मिळवून बघतात. तुझा आणि माझा मिळवला, तर मेलबर्नला थेट मुख्य फेरी. आधी इथे एकत्र खेळून बघू."

"वा, फारच छान," निल्दो म्हणाला. वेइक्कोनं ते ‘हो’ म्हणून घेतलं आणि आणखी भात वाढून घेतला.

स्वयंपाकघरात मी निल्दोला गाठलं. "आता?"

"हळू बोल. त्याला ऐकू जाईल."

"त्याला आपली भाषा येत नाही."

"तरी पण."

जोड्यांची नावं शनिवारी दुपारी बारापर्यंत क्लबात जाऊन द्यायची होती. सकाळी क्लोव्हिस नेहमीसारखा कॉफीला आला. मी चीजचे गरम पाव टेबलावर ठेवले.

"वहिनी, हा कोण विजेचा खांब?"

"फिनलंडचा पाहुणा. न कळवता आला."

"चालायचंच. या गावात परग्रहावरचे येऊन गेले म्हणतात, त्यांनी तरी कुठे कळवलं होतं," क्लोव्हिस म्हणाला, आणि पाय लांब करून बसला. "आज पायऱ्या चढताना गुडघा जरा आळसावला होता बघ."

"छे. परवा तर हरणासारखा पळत होतास," निल्दो म्हणाला.

"हरीण म्हातारं झालं रे."

"म्हातारं हरीणही पळतं. घे, अजून एक पाव घे."

"आई म्हणत होती, टी-शर्ट काय, घरात घालायलाही होतात."

"तुझ्या आईला मस्करीची सवयच आहे."

असं तासभर चाललं. क्लोव्हिसला धीर हवाय असं समजून निल्दो धीर देत होता. मलाही तसंच वाटलं. अकरा वाजून गेले तसा निल्दो माझ्यामागे आत आला. "मारिल्दा, तूच सांग ना कुणाला तरी."

"तुझ्या आईला मी नाही म्हटलं. रॅकेटवाल्यांना मी नाही म्हटलं. आपल्या लग्नात तुझ्या मामाला गाऊ नका म्हणून मीच सांगितलं. हे एक तुझं तू सांग."

खरं सांगायचं तर मला मेलबर्न हवं होतं. क्लोव्हिस मला भावासारखा, पण मला मेलबर्न हवं होतं. चौदा वर्षं लाल मातीचे मोजे घासल्यावर बाईला एवढं वाटतं. ते मात्र मी त्याला बोलले नाही, कारण बोलले असते तर त्यानं लगेच ‘हो’ म्हटलं असतं.

आम्ही बाहेर आलो. वेइक्कोनं घड्याळ पाहिलं. "साडेअकरा झाले. मी तुझ्याबरोबर खेळतोय का?"

निल्दोनं हातातला पाव खाली ठेवला. "नाही," तो म्हणाला. "मी क्लोव्हिसबरोबर खेळणार आहे."

इतकं सरळ वाक्य त्या घरात माझ्याशिवाय कुणी उच्चारलं नव्हतं.

"बरं," वेइक्को म्हणाला, फोन घेऊन अंगणात गेला, आणि कॉफी निवायच्या आत परत आला. "मी एका अर्जेंटिनाच्या खेळाडूबरोबर खेळतो. बिछाना आजही माझाच आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

क्लोव्हिसनं डोकं हातात धरलं. "काय म्हणालास तू त्याला?"

"नाही म्हणालो."

"गाढवा, मी काल संध्याकाळीच क्लबात सांगून आलोय, मी खेळत नाही म्हणून. तिथल्या वॉचमननं मला सांगितलं, एक फिनलंडवाला निल्दोचा पत्ता विचारतोय. तुला मोकळं करावं म्हणून तासभर गुडघ्याचं पुराण लावलंय. काय समजलास तू?"

"मला वाटलं, तू भिडेपोटी बोलतोयस."

"मग सरळ सांगायचं होतंत," मी क्लोव्हिसवर डाफरले. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवलंत?"

"सरळ कसं सांगणार, वहिनी? त्याला वाईट वाटलं असतं."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं, तेही एका गुडघ्याचं. मग क्लोव्हिस हसायला लागला, निल्दोही लागला, आणि बाराच्या आत क्लबात पोचायला दोघं पळाले. म्हणजे एक पळाला, दुसरा लंगडला.

चिठ्ठ्यांनी दावा साधावा तशी पहिलीच मॅच वेइक्कोच्या जोडीशी पडली. क्लोव्हिस नेटजवळ रोवल्यासारखा उभा, आणि उरलेलं सगळं कोर्ट निल्दोचं. अर्जेंटिनाचा एका खुणेवरून तोंड पाडून उभा राहिला, तर निल्दो त्या खुणेवर ठाण मांडून म्हणाला, "नाही. चेंडू बाहेर होता." प्रेक्षकांतल्या साऱ्या टी-शर्टांनी टाळ्या वाजवल्या. बाकी काही घडलं नाही. पाऊण तासात हरले.

हात मिळवताना वेइक्कोनं विचारलं, "तुझ्या जोडीदाराला चालता येत नाही. मग मला नाही का म्हणालास?"

"मला त्याच्याबरोबर खेळायचं होतं."

वेइक्कोनं थोडा विचार केला. "हे कारण चांगलं आहे," तो म्हणाला. जानेवारीत तो अर्जेंटिनाच्या त्या खेळाडूला घेऊन मेलबर्नला गेला.

मॅचहून घरी आल्यावर निल्दो बूटही न काढता स्टुलावर बसला. "मारिल्दा, मी आता खेळणं थांबवतो."

मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"तुला राग आलाय का?"

"आलाय," मी म्हणाले. खूप आला होता. आणि चौदा वर्षांत तो मला त्या दिवसाइतका कधी आवडला नव्हता. दोन्ही एकदम वाटत होतं, त्याला मी काय करणार?

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मेलबर्नला जाऊ की कधीतरी. आपण दोघंच. नुसतं फिरायला."

या गावात ‘कधीतरी’ म्हणजे काय, ते मला आता शिकवावं लागत नाही. माझ्या माहेरी त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं, की थापा मारू नकोस, आपण कधीच जाणार नाही. ते उत्तर माझ्या जिभेवर आलंही होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानापर्यंत लाल माती होती.

"हो," मी म्हणाले. "जाऊ की."