दोन अर्ज

“थोडा और कडक लिखो, दुलीचंद,” व्यापारी मंडळाचे अध्यक्ष मुन्नालालजी म्हणाले. “साहेबाला वाटलं पाहिजे, की बाजाराचा श्वास कोंडतो आहे.”

दुलीचंद पटलेने मान हलवली आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘अत्यंत खेदाने’ असे दोन शब्द घातले. व्यापारी मंडळाच्या सभेत त्याला खुर्ची नव्हती. कोपऱ्यातल्या संगणकासमोरचं स्टूल हीच त्याची जागा, आणि सव्वीस वर्षांत त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. गोंदियाच्या बाजारातलं काहीही हललं, तर ते त्याच्या कागदामुळे हलतं अशी त्याची मनोमन समजूत होती. बाजारातल्या दिव्यांसाठीचा अर्ज त्याचा, नाली रुंद करण्याचा त्याचा, बंदच्या दिवशी दुकानांवर लागणारं पत्रकही त्याचंच. घरी बायको म्हणायची, “मंडळ तुमच्याच जिवावर चालते जणू.” तो हसायचा, पण नाही म्हणायचा नाही.

आजचा अर्ज कापडाच्या दुकानांच्या ओळीसमोर रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्यांना उठवण्याचा होता. सोबत नावांची यादी जोडायची होती. यादीसाठी त्याला खाली उतरावंसुद्धा लागलं नाही. एकोणीसच्या एकोणीस नावं त्याला तोंडपाठ होती. सातव्या नावाशी त्याची बोटं थांबली. मग त्याने ‘सुमित्राबाई घनश्याम’ असं टाइप केलं आणि आठव्याकडे वळला.

सुमित्राबाई त्याच्याच गावची, कामठ्याची. तिचा नवरा घनश्याम सातवीपर्यंत दुलीचंदच्या बाकावर बसायचा. तो गेल्यावर, अकरा वर्षांपूर्वी, ती टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि हंगामात शिंगाडे घेऊन मंडळाच्या जिन्याखाली बसू लागली. ती जागा तिला दुलीचंदनेच दाखवली होती. मंडळाच्या नळावरून ती पाणी भरायची आणि दर राखीला जिना चढून वर येऊन त्याच्या हाताला दोरा बांधून जायची.

दोन आठवड्यांनी ती राखीशिवायच वर आली. हातात पालिकेची नोटीस होती.

“भाऊ, हे का आलं, वाचा बरं.”

दुलीचंदने वाचलं. तिथून उठायला सांगितलं आहे, पण आधी सुनावणी आहे, म्हणणं मांडता येईल, असं त्याने सांगितलं.

“तक्रार कोनं केली जी?”

“व्यापाऱ्यायनं,” तो म्हणाला आणि टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागला.

“तुमाले मालूम होतं?”

“कागद तं येऊन-जाऊन राहतेत, बाई. सगळेच का ध्यानात राहतेत.”

तिने नोटिशीची घडी घातली. मग म्हणाली, “मंग माहा अर्ज तुमीच लिवा. तुमच्यासारखं कोन लिवते?”

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. ‘बाई, पहिला कागद माझ्याच हातचा आहे, तू दुसऱ्या कोणाकडे जा,’ एवढंच तर वाक्य होतं. पण ती इतक्या भरवशाने पदर सावरून खाली बसली, की त्याने संगणकावर नवा कागद उघडला.

त्याने अर्ज लिहिला, आणि मंडळाच्या अर्जापेक्षा चांगला लिहिला. करोनाच्या साथीत मंडळाने गरिबांना धान्याच्या थैल्या वाटल्या होत्या. त्या थैल्या चाळीस दिवस सुमित्राबाईने एक पैसा न घेता भरल्या होत्या, हेही त्याने त्यात घातलं. वाटपाच्या फोटोंत व्यापारी होते; ती नव्हती. वाचून दाखवल्यावर तिने डोळे पुसले. “सगळं लिवलं जी तुमी. मलेही इतकं याद नोहोतं.” त्या स्तुतीने तो सुखावला, आणि आपण सुखावलो याची त्याला घरी जाताना फार लाज वाटली.

सुनावणीला पालिकेत दोन बाक मांडले होते. एकावर मुन्नालालजी आणि दोन दुकानदार, मागे फाइल घेऊन दुलीचंद. दुसऱ्यावर सुमित्राबाई आणि आणखी तीन बाया. अधिकारी तरुण होता, साताऱ्याकडचा. त्याने एक अर्ज वाचला, दुसरा वाचला, मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि हसला.

“गंमत आहे. दोन्ही अर्जांत ‘अतिक्रमण’ शब्द आलाय, आणि प्रत्येक वेळी ‘ण’च्या जागी ‘न’. खाली दोन्हीकडे ‘आपला नम्र व आज्ञाधारक’. मंडळाचा अर्ज कोणी टाइप केला?”

“हमारे दुलीचंदने,” मुन्नालालजी म्हणाले.

“आणि बाई, तुमचा?”

सुमित्राबाई उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. “यायनंच जी. आमच्या गावचेच आहेत. भाऊच समजा माहे.”

खोलीत हशा पिकला. दुलीचंदचे कान तापले. शाळेत याच ‘ण’साठी गुरुजींनी त्याच्या हातावर छड्या मारल्या होत्या, पण तेव्हा दुखला होता तो फक्त हात. सुमित्राबाईला हशाचं कारण कळेना. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. अधिकाऱ्यानेच तिला समजावून सांगितलं, “बाई, तुम्हाला उठवा असं लिहिणारे हेच, आणि उठवू नका असं लिहिणारेही हेच.”

तिने वळून दुलीचंदकडे पाहिलं. त्याने फाइलकडे पाहिलं.

“बरं, दुलीचंदजी,” अधिकारी म्हणाला. आता तो हसत नव्हता. “तुम्ही दोन्हीकडचे आहात, आणि रोज तिथेच असता. खरं सांगा, या बायांमुळे रस्ता अडतो का?”

उत्तर दुलीचंदला ठाऊक होतं. रस्ता टोपल्यांनी अडत नव्हता. तो अडत होता दुकानांसमोर आडव्या लागणाऱ्या गाड्यांनी, आणि त्यातली पहिली गाडी मुन्नालालजींची असायची. खिडकीतून तो रोज ते पाहत होता. मुन्नालालजी मागे वळलेसुद्धा नाहीत. त्यांची मान तेवढी किंचित ताठ झाली.

“साहेब,” दुलीचंद म्हणाला, “मी फक्त टाइप करतो.”

निकाल तिथेच लागला. आठ दिवसांत सगळ्यांनी नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत जायचं.

पायऱ्या उतरताना मुन्नालालजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अच्छा सँभाला,” ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

सुमित्राबाई फाटकाशी थांबली होती. बाकीच्या बाया पुढे निघून गेल्या होत्या.

“तुमची नोकरी आहे,” ती शांतपणे म्हणाली. “पयला कागद तुमी लिवला, त्याचा मले राग नाई. पोट सगळ्यायलेच आहे. पन सायबानं तुमाले इचारलं, तवा तोंड काऊन नाई उघडलं जी?”

ती त्याच्या उत्तरासाठी थांबली, खरंच थांबली, आणि मग निघून गेली.

आठव्या दिवशी जिन्याखालची जागा रिकामी झाली. नवव्या दिवशी तिथे दोन गाड्या लागल्या. पुढच्या सभेत दुलीचंदने स्टुलावरून उठून, नाल्यापलीकडे बसणाऱ्यांसाठी मंडळाने एक टिनाचं छप्पर द्यावं, असं सुचवलं. सव्वीस वर्षांत सभेत तो पहिल्यांदाच स्वतःहून बोलला. सगळ्यांनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. “विषय अगली मीटिंग में रखो,” मुन्नालालजी म्हणाले. त्याने तो ठेवला. पुढच्या सभेत त्या विषयापर्यंत पोचण्याआधीच चहा आला.

जुलैत एका सकाळी तो नाल्यापलीकडे गेला. एकोणीसपैकी सहाजणच उरले होते. गिऱ्हाईक एकही नव्हतं. सुलोचनाबाई नावाची एक बाई वांग्यांवर पाणी शिंपडत होती.

“सुमित्रा?” ती म्हणाली. “ते कवाचीच गेली कामठ्याले. रोवन्याच्या मजुरीवर जाऊन राहिली. इथं बसून का खाईल?”

रविवारी त्याने स्कूटर काढली आणि कामठ्याच्या वाटेला लागला. काय बोलायचं ते त्याने रस्ताभर जुळवून पाहिलं. प्रत्येक वाक्य अर्जातल्यासारखं होत होतं.

गावाच्या अलीकडे एका बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी चालली होती. पंधरा-वीस बाया रांगेत वाकून चिखलात धानाची रोपं खोवत मागे मागे सरकत होत्या. त्याने स्कूटर बंद केली. सगळ्यांची डोकी खाली, पदर खोचलेले, गुडघ्यापर्यंत पाणी. त्यात सुमित्राबाई कोणती, ते त्याला ओळखू येईना.

रांगेतली एक बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. तिने रस्त्याकडे पाहिलं, काही क्षण पाहत राहिली, आणि पुन्हा वाकली.

दुलीचंद हाक न मारता तिथेच उभा राहिला. रांग सरकत सरकत पलीकडच्या बांधाला टेकली, तेव्हा त्याच्यासमोर नुसती हिरवी, ओली बांधी उरली होती.