नदीच्या मधोमध गिलँडर्स

गिलँडर्सच्या पत्राला मी कधी उत्तर दिलं नव्हतं. पलीकडचा काठ त्याचा, अलीकडचा आमचा, मधली नदी निम्मी निम्मी. ‘माझ्या गळाला लागलेला सॅल्मन मासा तुमच्या बाजूला पळाला, तर तिथं येऊन तो बाहेर काढू द्याल का?’ एवढंच त्यानं विचारलं होतं. माझी हरकत नव्हती. पण ‘प्रिय’ लिहिलं तर फार सलगी वाटे आणि ‘महोदय’ लिहिलं तर फिर्यादीसारखं. पत्र पुस्तकात खुणेला राहिलं.

परवा माझी बहीण ऊना दारात येऊन म्हणाली, “पुस्तक मिट. गिलँडर्स नदीत उभा आहे.”

“मासा धरलाय का त्यानं?”

“माशानं त्याला धरलंय.”

खरंच. तो बरोबर मधोमध, कमरेएवढ्या पाण्यात उभा, हातातली गळाची काठी कमानीसारखी वाकलेली. मासा आमच्या काठाखालच्या डोहात रुसून बसला होता. गिलँडर्स आमच्या वाळूवर आला असता तर त्यानं मासा सहज ओढून घेतला असता. उभ्या जन्मात त्याला सॅल्मन मिळाला नव्हता, हा पहिलाच.

“अहो, या की इकडे!” मी ओरडलो.

“तुमचं पत्र नाही आलं.”

“आता सांगतोय ना!”

“तोंडी? तोंडी शब्दावरून आपले आजोबा कोर्टात गेले होते. लेखी हवं. आणि पोस्टानं. तारखेचा शिक्का नको?”

“थंडीनं मराल, खुळ्यासारखं काय करता!” ऊना म्हणाली आणि तिनं ओटची भाकरी फेकली. त्यानं ती तोंडात झेलली.

“चीज नाही का लावलं?”

मी घरी जाऊन कागद घेतला. चार ओळी लिहिल्या, फाडल्या. पुन्हा काठावर आलो. चिलटं त्याच्या नाकात जात होती आणि दोन्ही हात अडकलेले.

“सुरुवातीला ‘प्रिय’ घातलं तर चालेल का?” मी विचारलं.

त्यानं विचार केला. गळाला एक हिसका बसला, दोरी कुरकुरली. मासा सुटला नाही.

“चालेल,” तो म्हणाला, “पण बहिणीला वाचून दाखवू नका. आणि लवकर!”

पोस्टाची गाडी पुलाशी उभीच होती. गाडीवरच्या इश्बेलनं पाकिटावरचा पत्ता वाचला: ‘टॉर्क्विल गिलँडर्स, नदीच्या मधोमध’.

“शिक्का शहरात बसतो,” ती म्हणाली. “उद्या सकाळी देईन. असेल ना तो तिथंच?”

“असेल,” मी म्हणालो.

तिनं पत्र पिशवीत टाकलं.